मूल नशामुक्ती केंद्रात किंवा 'सुधार' होस्टेलात आहे आणि काहीतरी चुकतंय असं वाटतंय? मग काय आधी, काय नंतर

इंदूरच्या मराठी घरांतून याबद्दल फोन येतात तेव्हा बहुतेक वेळा शेवटी करायचं काम आईवडिलांनी आधी करून टाकलेलं असतं. भेटीत मुलगा हळूच म्हणाला की इथे मारतात, बाबा तिथल्या तिथे संचालकाशी भांडले, संचालकाने हात जोडून "मी स्वतः लक्ष घालतो भाऊसाहेब" म्हटलं, आणि आईबाबा मुलाला तिथेच ठेवून घरी परत आले. तक्रार कोणी केली ते आता आत सगळ्यांना माहीत, आणि तक्रार करणारा अजून आतच. यापेक्षा वाईट क्रम असू शकत नाही.

हे सगळं अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी लिहितेय. अठरा पूर्ण झाली असतील तर ॲडमिशनचे नियम वेगळे आहेत, तिथे सहसा मुलाची स्वतःची संमती लागते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७, कलम ८७. अल्पवयीन मुलाला ॲडमिट केलं तर पालक किंवा पालकांनी नेमलेलं माणूस पूर्ण काळ त्याच्यासोबत राहिलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणून "पहिला महिना भेट नाही, फोन नाही, मूल सेट होऊ द्या" असं जे केंद्र सांगतं त्याने पहिल्याच दिवशी कायदा मोडलेला असतो. आपण मात्र त्याला शिस्त समजतो आणि मान डोलावतो.

## १. ती जागा नक्की कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

पुढे कुठल्या ऑफिसात जायचं ते यावरच ठरतं, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

नशामुक्ती केंद्र, रिहॅब, मनोरुग्णालय हा पहिला प्रकार. इथे २०१७ चा कायदा लागतो. दारू किंवा ड्रग्जमुळे झालेली मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येतच मानसिक आजारात धरलेली आहे, त्यामुळे उपचारासाठी माणसं ठेवून घेणाऱ्या कोणालाही "आम्ही हॉस्पिटल नाही, आम्ही तर समाजसेवी संस्था" असं म्हणून सुटता येत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागतेच.

दुसरा प्रकार बालगृहाचा. निराधार किंवा संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा २०१५, कलम ४१ प्रमाणे नोंदणी लागते.

तिसरा प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. 'मोबाईल सोडवतो', 'बिघडलेल्या मुलाला लाईनवर आणतो' असं सांगणारी होस्टेलं, ॲकॅडम्या, शिबिरं. कागदावर हे ना दवाखाना ना बालगृह, म्हणून कुठल्याच खात्याचा माणूस तिकडे फिरकत नाही. पण मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारलं, उपाशी ठेवलं, टाकून दिलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ त्याला लागतं, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. मुलं सांभाळायचं काम सोपवलेल्या संस्थेचा कर्मचारी किंवा चालक असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

तपासा: पावतीवर, फॉर्मवर आणि गेटवरच्या बोर्डावर संस्थेचं नाव एकच आहे का? तीन ठिकाणी तीन नावं असतील तर तिन्हींचे फोटो काढून ठेवा.

## २. ठेवायच्या आधी कागद बघा, आणि भिंतीवरच्या फ्रेमला भुलू नका

आधी हा विचार करा की ठेवायची गरज खरंच आहे का. कायदा म्हणतो अल्पवयीन मुलाचं ॲडमिशन फक्त अपवाद म्हणून, आणि घरी राहून होणारे उपाय करून बघितले व जमले नाहीत किंवा ते त्या मुलासाठी योग्यच नाहीत असं दिसलं तरच. म्हणजे आधी ओपीडी. आपल्याकडे बाणगंगेचं सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, एमवायची (महाराजा यशवंतराव हॉस्पिटलची) मानसोपचार ओपीडी आहे. टेली मानस १४४१६ वर फोनवर समुपदेशक मिळतो, नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. बाणगंगा म्हटलं की आपल्या लोकांना अजून लाज वाटते आणि त्या लाजेपायी मुलाला शहराबाहेर कुठल्यातरी फार्महाऊसमधल्या केंद्रात टाकतात, जिथे डॉक्टर नावाला असतो. ही लाज मुलाला फार महागात पडते, एवढं कळकळीने सांगते.

तरी ठेवायचंच ठरलं तर कागद बघा. भिंतीवर फ्रेममध्ये जे प्रमाणपत्र लटकत असतं ते बहुतेक वेळा सोसायटीच्या नोंदणीचं असतं, नाहीतर आयएसओचं. त्याने उपचार करायचा परवाना मिळत नाही. तुम्ही सरळ विचारा, "मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा", नंबर लिहून घ्या, आणि सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) यांच्या ऑफिसात जाऊन तोच नंबर, तेच नाव, तोच पत्ता आहे का ते विचारा. "अप्लाय केलंय, येईल" हे उत्तर म्हणजे नाही.

कागद ठीक निघाले तरी जागा बघायला परत जा, न सांगता, संध्याकाळी सात-आठला. सकाळी अकराला ऑफिसात बसवून चहा पाजतात तेव्हा काहीच कळत नाही. रात्री कोण थांबतं ते विचारा. पुष्कळ केंद्रांत रात्री चाव्या असतात जुन्या पेशंटांकडे, त्यांना व्हॉलंटियर किंवा सीनियर म्हणतात, आणि मारहाणही बऱ्याचदा हेच करतात कारण त्यांना तिथे तेवढीच सत्ता असते. मुलं कुठे झोपतात ते डोळ्यांनी बघा. अल्पवयीन मुलांना मोठ्या पेशंटांपासून वेगळं ठेवलंच पाहिजे, हेही कलम ८७ मध्येच आहे. सोळा वर्षांचा मुलगा आणि चाळीशीचा माणूस एकाच हॉलमध्ये गाद्या टाकून झोपत असतील तर तिथूनच परत फिरा. कडी बाहेरून आहे का, खिडक्यांना जाळ्या आणि बाहेर पडायला एकच दार, असं असेल तर आग लागल्यावर काय होईल याचाही विचार करा.

आणि डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव, आठवड्यातले कुठले दिवस, किती वाजता. मग त्या डॉक्टरांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये फोन करून विचारा की तुम्ही खरंच तिथे जाता का. हा एक फोन लोक करत नाहीत.

थांबा: घरून उचलून नेणारी 'पिकअप टीम' बोलावू नका. रात्री चार माणसं घरात येऊन मुलाला हातपाय धरून गाडीत घालतात, रस्त्यात मारतातही, आणि हे सगळं आईबाबांच्या समोर आणि संमतीने झालं एवढंच त्या मुलाच्या डोक्यात राहतं. पुढे आत काही झालं तर ते मूल तुम्हाला सांगणार नाही.

## ३. ॲडमिशनच्या दिवशी

सहीआधी दोन तपासण्या व्हायला हव्यात. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा आणखी एक मानसोपचारतज्ज्ञ, मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं, ॲडमिशनच्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला तपासलेलं असलं पाहिजे. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म भरून घेतला याला तपासणी म्हणत नाहीत. नंतर ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं असतं, ते कळवल्याच्या पत्राची कॉपी मागा. तीस दिवसांच्या पुढे ठेवलं तर मंडळाला परत लगेच कळवावं लागतं आणि मंडळाने आढावा घ्यावा लागतो. म्हणून "सहा महिन्यांचं पॅकेज" हा शब्द ऐकला की सावध व्हा.

फॉर्म पूर्ण वाचा, सोबत घरातलं कोणीतरी शांत डोक्याचं माणूस घेऊन जा, तुम्ही स्वतः त्या दिवशी रडत असता आणि जिथे बोट दाखवतील तिथे सही करता. कोऱ्या कागदावर सही नाही. "काहीही झाल्यास संस्था जबाबदार नाही", "कोर्स पूर्ण होईपर्यंत मुलाला नेणार नाही" अशी वाक्यं असतील तर खोडून बाजूला सही करा, खोडू देत नसतील तर ठेवू नका. आणि समजा आधीच सही करून बसला असाल तरी घाबरायचं कारण नाही, अल्पवयीन मुलाचे कायदेशीर पालक हेच त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात आणि त्यांनी डिस्चार्ज मागितला की केंद्राला सोडावंच लागतं, फॉर्ममधल्या वाक्याने हा हक्क जात नाही.

त्याच दिवशी वजन करून लिहून घ्या. अंगावरच्या जुन्या खुणा, व्रण लिहून घ्या. चालू औषधांची यादी डोससकट द्या आणि दिल्याची सही घ्या, फिट्सची, दम्याची, डायबिटीसची गोळी तर ठळक अक्षरात. नंतर कोणी म्हणू नये की हे आधीपासूनच होतं, किंवा आम्हाला सांगितलंच नव्हतं.

रोज दारू पिणारं किंवा झोपेच्या गोळ्या खाणारं मूल असेल तर अचानक बंद केल्यावर फिट्स येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. हे पहिले काही दिवस हॉस्पिटलात जायला हवेत. "खोलीत बंद करा, दोन दिवस तडफडेल मग ठीक होईल" असं सांगणाऱ्या जागी मूल एक तासही ठेवू नका.

आणि मुलाशी एक खुणेचा शब्द ठरवा, फोनवर बोलताना कोणी बाजूला उभं असलं तरी सहज वापरता येईल असा. "आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" असं विचारलं तर समजायचं की मला आजच न्या. ऑपरेशन वगैरे काही नसतानाही.

तपासा: सोबत घरचं कोण राहणार? मुलगी असेल आणि प्रतिनिधी वडील असतील तर सोबत बाईमाणूसच हवं, आई, आत्या, मावशी, कोणीही. केंद्र कोणालाच राहू देत नसेल तर इथेच थांबा, मुलाला घरी परत घेऊन या.

## ४. आत असताना काय बघायचं

मूल आधीच आत आहे आणि तुम्ही घरी आहात, अशीच परिस्थिती जास्त असते, म्हणून हा भाग नीट वाचा.

भेट एकट्याने मागा. स्टाफ खोलीत बसणार असेल तर "आम्ही बाहेर ओट्यावर बसतो" म्हणा. पहिल्या पाच मिनिटांत काही विचारू नका, खायला द्या. किती घाईघाईने खातंय ते बघा. पाणी किती पितंय. बसताना कंबर किंवा मांडी सांभाळतंय का, हात वर करताना थांबतंय का, दारात कोणी आलं की बोलणं तुटतं का. मनगटं आणि घोटे बघा, दोरीची किंवा साखळीची खूण गोल पट्ट्यासारखी असते. पुढून काही दिसत नाही म्हणून समाधान मानू नका, तळपाय, पाठ, मांडीची मागची बाजू, कानामागे. मारणाऱ्यांना कुठे दिसत नाही ते पक्कं माहीत असतं.

औषधांचं वेगळंच असतं. मूल शांत झालं, छान, असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात ते गुंगीत असतं. लाळ गळतेय, जीभ जड झालीय, मान एका बाजूला ओढली जातेय, पाय सतत हलतायत, एका जागी बसवत नाही, हे काही मनोविकाराच्या औषधांचे दुष्परिणाम असतात आणि डॉक्टरला तातडीने दाखवायचे असतात. खूप ताप आणि अंग लाकडासारखं ताठ झालं तर सरळ इमर्जन्सी. शिक्षा म्हणून तासन्तास उठाबशा काढायला लावल्या असतील आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट होत असेल तर स्नायू फुटून किडनीवर परिणाम होत असतो, त्याच दिवशी हॉस्पिटल.

विचारताना "मारतात का?" असं विचारू नका, त्याला मूल नाही म्हणतं. "रात्री दिवे गेल्यावर काय होतं?", "कोणी ऐकलं नाही तर त्याला काय करतात?", "तुझ्या शेजारी कोण झोपतं?", "बाथरूमला जाताना कोणाला विचारावं लागतं?" असं विचारा. दुसऱ्या मुलाबद्दल बोलणं सोपं जातं, आणि दुसऱ्या मुलाचं म्हणून जे सांगतं ते पुष्कळदा स्वतःचंच असतं.

आता सगळ्यात मोठी चूक. केंद्रवाले आधीच सांगून ठेवतात की "बघा हं, तो रडेल, खोटं सांगेल, मॅनिप्युलेट करेल, तुम्ही विरघळू नका." आणि मग मूल खरंच सांगतं तेव्हा आईबाबा एकमेकांकडे बघून मान हलवतात. अमेरिकेत 'ट्रबल्ड टीन' म्हणून अशा निवासी संस्थांचा मोठा धंदा आहे, तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी मोठेपणी हेच सांगितलंय, की पत्रं वाचली जायची, फोन ऐकले जायचे, आणि आईवडिलांना आधीच पढवलेलं असायचं की मूल खोटं बोलेल. तिथल्या सिनेटच्या फायनान्स कमिटीने जून २०२४ मध्ये निवासी उपचार केंद्रांवर अहवाल काढला, त्यात मारहाण, लैंगिक अत्याचार, गरज नसताना बांधून ठेवणं आणि एकांतात कोंडणं हे सगळं आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेने अशा संस्थांबद्दल कायदाही केला. नशा करणारं मूल घरी खोटं बोललं असेल, पैसे चोरले असतील, तरी मारहाणीबद्दल ते खोटंच बोलतंय असं त्यातून ठरत नाही. आधी बाहेर काढा, खरंखोटं घरी बसून बघता येतं.

आपल्याकडे काय पूर्णपणे बंद आहे ते पाठ करून ठेवा, वाद घालताना लागतं: साखळीने बांधणं, कुठल्याही कारणाने, कुठल्याही प्रकारे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं. अल्पवयीन मुलाला शॉक द्यायचाच असेल तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते. एकट्याला कोंडून ठेवणं कलम ९७ ने बंद आहे. धरून ठेवणं किंवा बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा तातडीचा धोका टाळायला दुसरा काही मार्गच नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाने तसं लिहून दिलंय, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

## ५. शंका आली. पुढचे काही तास

इथे घाई आणि गप्प राहणं दोन्ही एकाच वेळी लागतं.

- संचालकाशी भांडू नका, मुलाचं वाक्य त्याला सांगू नका.
- स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहू नका.
- सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर मुलाचा फोटो, नाव टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, रागाच्या भरात आपलेच काका-मामा हे करून बसतात.
- मुलाला परत परत विचारू नका, विशेषतः लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर. एकदा जे सांगितलं ते पुरे. दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारलं की वाक्यं बदलतात आणि कोर्टात समोरचा वकील नेमकं तेच धरतो.

गाडीत बसल्या बसल्या वहीत लिहा: तारीख, वेळ, मुलाचे शब्द जसेच्या तसे, हिंदीत बोललं असेल तर हिंदीत. स्वतःचं मत वेगळं लिहा. फोटो काढले असतील तर ते ज्या फोनमध्ये आहेत तो फोन जपा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली कॉपी पुराव्याला कच्ची पडते.

## ६. बाहेर काढायचं

शक्यतो त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी. दिवसा जा, कारण ऑफिसं उघडी असतात. तिघं-चौघं पुरेत, पन्नास माणसं नेलीत तर केंद्रवाले "दंगा केला" म्हणून आधी स्वतःच पोलिसांना बोलावतात.

सोबत ठेवा: मुलाच्या वयाचा पुरावा, तुमचं आधार, ॲडमिशनची पावती, आणि एका पानाचं आवेदन दोन प्रतींत. आवेदन हिंदीत लिहा, आपल्याकडे सगळी सरकारी कामं हिंदीतच होतात आणि तोच कागद पुढे पोलिसांना दाखवायचाय. मजकूर एवढाच: मी अमुक मुलाचा वडील किंवा आई व कायदेशीर पालक, मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ च्या कलम ८७ प्रमाणे मुलाचा डिस्चार्ज आज या वेळेला मागत आहे, सोबत उपचाराच्या कागदांच्या प्रती द्याव्यात. तक्रारीचा एक शब्दही यात नको. कारण विचारलं तर "घरी कार्य आहे, परत आणू" म्हटलं तरी चालेल. मूल गाडीत बसेपर्यंत चेहरा शांत ठेवा, ते फार अवघड असतं, म्हणून ज्याचा आवाज चढत नाही त्यालाच बोलू द्या.

दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसकट सही घ्या. देत नसतील तर तिथेच उभं राहून त्याच अर्जाचा फोटो त्यांच्या ऑफिशियल नंबरवर आणि ईमेलवर पाठवा. वेळ आपोआप नोंदली जाते.

बाकी रकमेसाठी मूल अडवलं तर पैशांचा वाद वेगळा ठेवा. बिलासाठी मूल अडकवून ठेवायचा अधिकार कोणालाच नाही. ॲडव्हान्स बुडतोय म्हणून कोर्स पूर्ण होऊ द्यायचा, असाही विचार लोक करतात, कृपा करून करू नका.

तरी सोडत नसतील तर हा क्रम:

1. गेटवरूनच ११२ लावा. वाक्य हे: "माझ्या अल्पवयीन मुलाला माझ्या इच्छेविरुद्ध इथे कोंडून ठेवलंय, त्याला मारहाण झाल्याचा संशय आहे, मी पालक गेटवर उभा आहे." नशामुक्ती, इलाज वगैरे शब्द आधी वापरू नका, नाहीतर पोलीस "तुम्हीच भरती केलंय ना" म्हणून वळतात.
2. लगेच १०९८, चाइल्ड हेल्पलाइन. बाल कल्याण समितीपर्यंत (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) गोष्ट पोचवा.
3. एसडीएम किंवा मॅजिस्ट्रेटकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली अर्ज. बेकायदा कोंडलेल्या माणसाला शोधून हजर करायचं वॉरंट यातून निघतं.
4. तेही होत नसेल तर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस) याचिका, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी मागणी. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण, मुलांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो.

भरती वडिलांनी केलं आणि आता आई काढायचं म्हणतेय, वडील तयार नाहीत, असंही पुष्कळ घरांत असतं. केंद्र तेव्हा "सही ज्याची त्यालाच देऊ" म्हणतं. अशा आईने गेटवर वेळ घालवू नये, सरळ १०९८ आणि समितीकडे जावं.

थांबा: मूल ताब्यात आलं की "राहिलेलं सामान घ्यायला" परत आत पाठवू नका. कपडे राहू द्या.

## ७. घराआधी हॉस्पिटल

आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही, आधी दवाखाना. एमवायच्या इमर्जन्सीत जाऊन "एमएलसी करायची आहे" हे शब्द वापरा, एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांसाठी होणारी डॉक्टरी नोंद. नुसतं "अंग दुखतंय" म्हटलंत तर गोळी लिहून देतील आणि नोंद होणार नाही. खूण कशाने झाली ते मुलाच्या शब्दांत केसपेपरवर लिहायला सांगा, पट्ट्याने, पाइपने, जे असेल ते. वजन परत करा.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम २७ प्रमाणे एफआयआर झालेली नसली तरी तपासणी करावी लागते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि मूल ज्याच्यावर विश्वास ठेवतं असं माणूस सोबत राहू शकतं. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो.

मार निळा पडायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून फोटो त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही. उजेडात, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून, एक जवळून आणि एक शरीराचा कुठला भाग आहे ते कळेल असा लांबून. मुलाला विचारून काढा. नाही म्हटलं तर थांबा.

## ८. तक्रार, आता

मूल सुरक्षित आहे, कागद हातात आहेत, आता आवाज चढवला तरी चालेल.

आधी थाना. कुठल्याही थान्यात झिरो एफआयआर होते, केंद्र देवासला किंवा महूच्या पुढे असलं तरी आपल्या भागातल्या थान्याने नोंद करून तिकडे पाठवायची असते. एफआयआरची कॉपी मोफत मिळते. "आपसात मिटवून घ्या" म्हणाले तर लेखी तक्रार द्या, आणि तरी घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवा. इंदूर शहरात २०२१ च्या डिसेंबरपासून पोलीस कमिशनरेट आहे, म्हणून इथे डीसीपीकडे, ग्रामीण भागात एसपीकडे. त्यानंतर मॅजिस्ट्रेट. पॉक्सोचा गुन्हा असेल तर मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, अधिकारी वर्दीत नसतो, आणि मुलाला रात्री थान्यात थांबवता येत नाही. पॉक्सोत माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, केंद्राच्या मॅनेजरलासुद्धा हे लागू आहे.

तक्रारीत एक ओळ लोक हमखास विसरतात: सीसीटीव्ही. केंद्राच्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनवर, जुनं फुटेज काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. म्हणून पहिल्याच अर्जात तारखा लिहून "डीव्हीआर, औषधांचं रजिस्टर आणि भेटीचं रजिस्टर ताबडतोब जप्त करावं" असं लिहा.

मग बाल कल्याण समिती, बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ चा उल्लेख करून. मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ आणि राज्य प्राधिकरण, इथे ॲडमिशन कसं चुकीचं झालं ते लिहा: दोन तपासण्या नाहीत, सोबत कोणाला राहू दिलं नाही, मोठ्यांबरोबर ठेवलं. कायद्याचा भंग केल्याबद्दल कलम १०८ प्रमाणे पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, नोंदणीच नसेल तर कलम १०७ चा दंड वेगळा. एक प्रत सीएमएचओला. मंगळवारी कलेक्टोरेटची जनसुनवाई असते, तिथेही द्या, आणि १८१ वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) नोंदवून नंबर जपून ठेवा, पण १८१ ला एफआयआरच्या जागी धरू नका. तिथे 'तक्रार बंद करायला संमती द्या' म्हणून फोन येतात, काम झाल्याशिवाय हो म्हणू नका.

प्रत्येक ठिकाणी आवक शाखेचा नंबर आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज न दिल्यासारखाच असतो.

आत अजून दुसरी मुलं आहेत हेही अर्जात लिहा, नावं माहीत असतील तर बंद पाकिटात समितीला द्या. त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं असेल तर तुमच्या मुलाचं नाव न घेता बोला. बहुतेकांना पहिल्यांदा राग येईल तुमचाच, तो येऊ द्या.

## ९. घरी आल्यावर

मूल ज्या कारणाने तिथे गेलं ते कारण अजून आहेच. नशा सुटलेली असेलही, पण काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि ब्राउन शुगर किंवा इंजेक्शनचा आधीचाच डोस आता जीव घेऊ शकतो, हे मुलाला घाबरवून नाही तर नीट बसून सांगा. केंद्रात चालू केलेल्या गोळ्या एका झटक्यात बंद करू नका, त्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवून हळूहळू कमी करा.

पहिले काही दिवस खोलीची कडी आतून लावू द्यायची की नाही हा प्रश्न येतो. आत्महत्येचं बोलत असेल तर नाही, एकटं सोडू नका, त्याच रात्री १४४१६ किंवा सरळ इमर्जन्सी. बोलत नसेल तर लावू द्या, त्याला महिनोन्महिने कडी बाहेरून बघायची सवय झालेली असते. रात्री दिवा चालू ठेवून झोपायचं म्हणालं तर ठेवू द्या. "परत तिथे पाठवू हं" हे वाक्य घरात कोणीही, आजोबांनीसुद्धा, चुकूनही बोलायचं नाही.

शाळेत किंवा कॉलेजात काय सांगायचं ते मुलाशी ठरवून एकच सांगा. "आजारी होता" पुरेसं आहे. हजेरी कमी पडली असेल तर मेडिकल सर्टिफिकेट एमवायचं किंवा आताच्या डॉक्टरांचं घ्या, केंद्राच्या लेटरहेडवरचं नको.

आणि एक फाइल करा. पहिल्या पानावर तारखांची यादी, मागे सगळ्या पावत्या, एमएलसी, शिक्के, एफआयआर. केस चालते तेव्हा वर्ष-दीड वर्षाने जबाबाला बोलावतात आणि तोपर्यंत कोणाला काही आठवत नसतं. मुलाचा जबाब व्हायच्या आधी सरकारी वकिलांना भेटून फाइल दाखवा, आणि मुलाला कोर्टाची खोली एकदा रिकामी असताना दाखवता येईल का ते विचारा.